काढलेले सोडून

१

तिसऱ्या दालनाच्या भिंतींना रंग देऊन झाला होता, खिळे ठोकून झाले होते, दिव्यांचे कोनही ठरले होते. वहिनींच्या नावाची पाटी तयार होऊन आली होती आणि कागदात गुंडाळलेली तशीच दाराशी पडली होती. एवढी सगळी जय्यत तयारी होती, फक्त भिंतीवर लावायला एकही फोटो नव्हता.

करवतबाई आत शिरली तेव्हा दालनाच्या मधोमध एका माणसाची बिनपाण्याने हजामत चालली होती. लोकांच्या फायली एका क्लाउड खात्यातून दुसऱ्या खात्यात नेऊन देणं हा त्याचा धंदा. "आपण हमाल, ढगातून ढगात ओझी वाहतो," असं तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच हसायचा, म्हणून सगळे त्याला हमालच म्हणायचे. आज मात्र त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

हजामत करणारे होते छोटे साहेब. छोटे म्हणायचं ते रिवाज म्हणून, कारण वय पंचेचाळिशीच्या पुढे आणि पोटाने शर्टाची बटणं ताणलेली. त्यांचे वडील म्हणजे साहेब, नावाजलेले छायाचित्रकार. साहेब गेल्या वर्षी वारले. त्यांचं आयुष्यभराचं काम त्यांच्या खासगी क्लाउड खात्यात होतं. ते सगळं उचलून संग्रहालयाच्या खात्यात न्यायचं ठरलं, नेलं, आणि जुनं खातं बंद केलं. काल संग्रहालयाच्या संचालकांनी तिसऱ्या दालनासाठी 'काढलेले' नावाचं फोल्डर उघडायला घेतलं, तर नव्या खात्यात ते नव्हतंच.

"बाबांचा एकही फोटो मागे राहता कामा नये, हे मी तुला किती वेळा बजावलं होतं," छोटे साहेब म्हणत होते. "अरे, त्यांचे हात हललेले, डोळे मिटलेले असे फसलेले फोटोसुद्धा मी हलवून घेतले. तू कुरकुरत होतास, तरी मी आठवडाभर थांबलो त्यांच्यासाठी. आणि तू एक अख्खं फोल्डर विसरतोस?"

"मी विसरलो नाही," हमाल म्हणाला.

रंगाऱ्याच्या स्टुलावर वहिनी बसल्या होत्या. साहेबांची बायको, पण स्टुडिओतले सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे, अगदी संचालकसुद्धा. सत्तरी गाठलेली, चष्म्याची भिंगं जाडजूड. दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू जाणार हे डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"ते माझे फोटो होते," वहिनी करवतबाईला म्हणाल्या. "मी काढलेले. आता नवीन काढणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही."

संचालकांनी घसा साफ केला. मनाने मऊ माणूस, त्यामुळे वाईट बातमी सांगताना त्याला नेहमी खोकला यायचा. "मूळ फायली नसतील तर दालन देता येणार नाही, वहिनी. प्रत्येक मूळ फायलीत फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढला त्याची खूण असते. ती नसेल तर हे फोटो तुमचे कशावरून, असं उद्या कोणीही विचारेल. मग ती पाटी मला परत पाठवावी लागेल."

ज्यांच्या घरची भांडणं पोलिसांत न्यायची नसतात, अशी माणसं करवतबाईला बोलवायची. पूर्वी ती पोलिसांच्या सायबर शाखेत होती. तिच्याशी बोलून कोणी अखंड परत जात नसे, म्हणून हे नाव पडलं, आणि तिला ते आवडायचं. तिने हमालाकडे वळून विचारलं, "विसरला नाहीस, मग काय झालं?"

"मला सांगितलं होतं, ते फोल्डर सोड," हमाल म्हणाला. "इथल्याच कोणीतरी."

२

संग्रहालयाच्या सामानाच्या खोलीत, रिकाम्या फ्रेमांच्या ढिगाशेजारी, हमालाने लॅपटॉप उघडला.

"हे बघा. जेवढं न्यायला सांगितलं तेवढं सगळं पोचलंय. एक फाइल अडकली नाही, एक तुटली नाही."

"न्यायला सांगितलं तेवढं," करवतबाई म्हणाली. "हे कसं चालतं ते मला साध्या शब्दांत सांग. मी म्हातारी आहे असं समज."

"समजायचं काय त्यात," असं हमालाच्या ओठावर आलं होतं, ते त्याने गिळलं. "दोन पाण्याच्या टाक्या समजा. घरी बादल्या भरून आणायच्या नाहीत, टाकीतून टाकीत थेट नळी लावायची. काय न्यायचं नि काय सोडायचं ते आधी ठरवून द्यायचं, मग नळी आपलं आपण काम करते. फक्त दिवसाला ठरावीकच पाणी जातं. त्याहून जास्त कंपनी जाऊ देत नाही. म्हणून मोठं ओझं असलं की दिवसच्या दिवस जातात."

"आणि हे ओझं मोठं कशामुळे झालं?"

"'बाद' फोल्डरमुळे. साहेबांचे फसलेले फोटो. मोठ्या कॅमेऱ्याच्या फायली म्हणजे एकेक धोंडा. सगळ्या ओझ्यातलं निम्मं तेच. मी म्हटलं, हा कचरा कशाला नेता? तर छोटे साहेब म्हणाले, वडिलांचा आहे, जाऊ दे."

"आणि 'काढलेले'?"

"ते चिमूटभर. छोट्या कॅमेऱ्याचे फोटो. तासाभरात गेलं असतं."

"सोडायला कोणी सांगितलं?"

हमालाने फोन पुढे केला. स्टुडिओच्या खात्यावरून आलेले मेसेज होते. यादी पाठवा, वेग वाढवा, अजून किती दिवस, असले. मध्येच एका मेसेजच्या जागी फक्त एवढंच उरलं होतं, की हा मेसेज हटवण्यात आला आहे.

"इथे लिहिलं होतं, 'काढलेले सोडून सगळं.' मी वाचलं, तसं लावलं, सगळं पोचल्यावर झालं म्हणून कळवलं. त्याच दिवशी संध्याकाळी पाहतो तर मेसेज गायब. मी म्हटलं, असेल काही."

"कोणी लिहिला?"

"ते खातं तिघांच्या फोनवर चालतं. छोटे साहेब, त्यांची आत्या आणि सावली. कोणी लिहिला ते दिसत नाही."

"आणि तुला विचारावंसं वाटलं नाही, की यात आहे काय?"

"मॅडम, माझ्या धंद्यात 'काढलेले' म्हणजे कचरा. हिशेबनीस, दुकानदार, डॉक्टर, ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे या नावाचं फोल्डर असतंच. नको म्हणून बाजूला काढलेलं. मी शेकडो वेळा ते सोडलंय, आजवर कोणी तोंड उघडलं नाही."

"हिशेबनीस फोटो काढत नाही," करवतबाई म्हणाली. "फोटोवाल्याच्या घरी 'काढलेले' म्हणजे काय, हे तुला कळायला हवं होतं. तुझं डोकंही तू मागच्याच टाकीत विसरलास."

हमालाने मान खाली घातली. त्याला खरोखरच आत्ता कळलं होतं, आणि कळल्यावर त्याचे कान लाल झाले.

"अजून एक," तो हळूच म्हणाला. "जुनं खातं बंद करायची घाई मी केली नाही. मी म्हटलं होतं, महिनाभर राहू द्या, काही राहिलं तर सापडेल. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ते बंद केलं."

३

स्टुडिओच्या पुढच्या खोलीत 'खिडकी' मालिकेतले फोटो छताला टेकतील एवढे मोठे करून लावले होते. साहेबांचं नाव झालं ते याच फोटोंमुळे. समोरच्या इमारतींच्या खिडक्यांत दिसणाऱ्या बायका. कोणी केस पुसतेय, कोणी भांडण ऐकतेय, कोणी नुसतीच उभी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात साहेबांची झोकदार सही.

साहेबांची धाकटी बहीण, म्हणजे छोट्या साहेबांची आत्या, त्या फोटोंखाली पहारा दिल्यासारखी बसली होती. स्टुडिओचं सगळं दप्तर तीच सांभाळायची.

"'काढलेले' मध्ये काय होतं?" करवतबाईने सरळच विचारलं.

"दादाचे फोटो. त्याने काढलेले, सुरुवातीच्या काळातले. दुसरं कोण काढणार?"

"उघडून पाहिलं होतंत?"

"मी कशाला उघडू? दादाच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावायची सवय नाही मला. काहीजणींना आहे."

"वहिनी म्हणतात ते त्यांचे होते."

आत्याने ओठ मुडपले. "म्हणू दे. नवरा गेल्यावर बायकांना वाचा फुटते. तिला कोणी कॅमेरा दिला? दादानेच. जुना झाला म्हणून दिला, जसं मोलकरणीला पातेलं देतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून खटक खटक करत बसायची. आणि आता म्हणे स्वतंत्र दालन. माझा भाऊ जिवंत असता तर त्याने ते हसण्यावारी नेलं असतं."

"मग मेसेज तुम्ही केलात?"

"कसला मेसेज?"

"'काढलेले सोडून सगळं.'"

आत्या ताडकन उभी राहिली. तिचा राग खोटा नव्हता, खोटा राग करवतबाईला लांबूनच ओळखू यायचा. "दादाने काढलेले फोटो मी सोडायला सांगेन? त्याने फेकलेला कागद मी कपाटात ठेवते, आणि त्याचे फोटो सोडेन? तुम्ही मला विचारताय, आणि ज्याला विचारायला हवं तो आतल्या खोलीत सामान बांधतोय."

"कोण?"

"सावली. कालपासून बोलत नाही, जेवत नाही, पेट्या भरतोय."

करवतबाई उठली. जाता जाता तिने एक गोष्ट मनाशी पक्की केली. या बाईला वहिनी डोळ्यासमोर नको होती, पण ते फोल्डर ती आपल्या भावाचंच समजत होती. भावाचं म्हणून तिने ते छातीशी धरलं असतं. द्वेष भरपूर असला तरी फोल्डर कोणाचं हेच तिला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिचा द्वेष या कामी निरुपयोगी होता.

४

सावली म्हणजे साहेबांचा मदतनीस. तीस वर्षं तो त्यांच्या मागे उभा होता आणि प्रत्येक फोटो त्याच्या हातून छापून निघाला होता. लांबट, वाकलेला, बोलण्याआधी दोनदा ओठ चाटणारा माणूस. छपाईच्या खोलीत तो खरंच पेटी भरत होता.

"पळतोयस?" करवतबाई दारातच उभी राहिली.

"जातोय, बाई. पळायचं वय नाही."

"'काढलेले' मध्ये काय होतं?"

"वहिनींचे फोटो."

"कसले?"

सावलीने पुढच्या खोलीकडे नुसती मान वळवली. करवतबाईला समजायला एक क्षण लागला. मग ती दारातून आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"'खिडकी' मालिका?"

"सगळी," सावली म्हणाला. "एकूण एक. वहिनी फोटो काढायच्या आणि कार्ड साहेबांना द्यायच्या. साहेब त्यातले चांगले निवडायचे, मी छापायचो, साहेब सही करायचे. मूळ फायली त्या फोल्डरमध्ये ठेवायचे. ज्या दिवशी पहिला पुरस्कार आला त्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना चहा दिला आणि आत जाऊन भांडी घासली."

"त्या बोलल्या नाहीत?"

"एकदा विचारलं होतं, माझे फोटो कुठे ठेवता म्हणून. साहेब म्हणाले, तुझ्यासाठी वेगळं फोल्डर केलंय, 'काढलेले'. त्यांना फार बरं वाटलं. म्हणजे, यांनी निदान लिहून तरी ठेवलंय, की हे हिने काढलेले."

त्याने ओठ चाटले आणि मग पुन्हा चाटले.

"बोल. ओठांची साल निघेल."

"पाहुण्यांसमोर साहेब त्या नावावर विनोद करायचे. म्हणायचे, 'काढलेले, दोन्ही अर्थांनी. तिने काढलेले, म्हणून मी काढलेले.' आणि मग म्हणायचे, 'तिला पहिलाच अर्थ माहितीय, तेवढ्यावर ती खूश आहे, राहू दे.'"

करवतबाईने आयुष्यात बरेच हलकट पाहिले होते. बहुतेकांना निदान फायदा तरी हवा असायचा. फायदा मिळून झाल्यावर वर चेष्टाही करणारा हा तिला वेगळ्याच जातीचा वाटला, आणि तो मेलेला असल्याचं तिला वाईट वाटलं. जिवंत असता तर त्याला चार गोष्टी सुनवता आल्या असत्या.

"तू हसायचास?"

"मी छापायचो, बाई. मूळ फायली दिसल्या की जग मलाही चोर म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. म्हणून जातोय. पण तो मेसेज माझा नाही. मला ते फोटो पुसायचे असते, तर वीस वर्षांत किती वेळा संधी होती."

"मग हसायचं कोण?"

सावलीने पेटीचं झाकण लावलं. "साहेबांच्या विनोदांना घरात एकच माणूस हसायचा. आत्याबाई त्या बैठकांना नसायच्या."

त्याच वेळी पुढच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. पुरुषाच्या रडण्याचा.

५

संग्रहालयातली मंडळी आता स्टुडिओत येऊन पोचली होती, आणि छोटे साहेब आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होते. एवढा मोठा देह जमिनीवर बसलेला पाहून संचालक कावरेबावरे होऊन भिंतीशी सरकले होते. हमाल दाराशी उभा होता, जायला सांगितलं नव्हतं म्हणून.

"मीच केला तो मेसेज," छोटे साहेब म्हणाले. "आता लपवून काय करू? मला वाटलं, काढलेले म्हणजे काढून टाकलेले. कचरा. वेळ वाचेल म्हणून सोडायला सांगितलं. मला कुठे माहीत होतं आई, की ते तुझं आहे. नंतर लाज वाटली म्हणून मेसेज पुसला, आणि घाबरून या बिचाऱ्यावर ढकललं. शब्दाने घात केला गं माझा."

वहिनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मुद्दाम का केलंस? भाषाच तशी आहे."

आत्याने पदराने नाक पुसलं. संचालकांनी सुटकेचा श्वास टाकला. गुन्हा नाही, चूक झाली, आणि चुकीला कोणाला शिक्षा करावी लागत नाही. संग्रहालयाच्या दाराशी पडलेली पाटी त्यांना एकदा आठवली आणि त्यांनी नजर वळवली.

वहिनी करवतबाईला म्हणाल्या, "तुम्हाला उगाच त्रास दिला. दालन राहू द्या. माझ्या नशिबात नव्हतं म्हणायचं."

त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की हा चेहरा वीस वर्षं असाच दिसत आला असणार, हे करवतबाईला कळलं. दया आली की तिला रागच यायचा.

"वहिनी, उठू नका," ती म्हणाली. "मी तुमच्या मुलाला दोनच प्रश्न विचारणार आहे. मग तुम्हाला नशिबाला दोष द्यावा लागणार नाही."

६

करवतबाई छोट्या साहेबांसमोर खुर्ची ओढून बसली.

"तुम्ही 'काढलेले' सोडलं, कारण तुम्हाला वाटलं तो कचरा आहे. आणि वेळ वाचवायचा होता."

"हो."

"मग 'बाद' का नेलं?"

छोट्या साहेबांनी डोळे पुसता पुसता वर पाहिलं.

"हललेले, डोळे मिटलेले, अर्ध्या माणसाचे फोटो. कचरा म्हणावा तर तोच. निम्मं ओझं त्याचं. त्याच्यासाठी तुम्ही आठवडाभर थांबलात, आणि सकाळी ते सगळ्यांना अभिमानाने ऐकवलंत. वडिलांचा कचरासुद्धा मागे राहू द्यायचा नव्हता तुम्हाला. मग त्यांच्याच खात्यातला दुसरा कचरा, तोही तासाभराचं काम, कसा सोडलात? कचरा वाटला असता तर तोही नेला असता. तुम्ही तो सोडलात, कारण तो कचरा नाही हे तुम्हाला माहीत होतं."

आत्याने भाच्याकडे वळून पाहिलं.

"गडबडीत झालं असेल," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या लक्षात आलं नसेल."

"दुसरा प्रश्न," करवतबाई म्हणाली. "मेसेज लाजेने पुसलात म्हणता. फोल्डर हरवल्याचं कळलं काल. मेसेज पुसला गेला तो काम झालं त्याच संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही खातंही बंद केलंत. जी चूक झाल्याचं तुम्हाला अजून कळलंच नव्हतं, तिची लाज आधीच कशी वाटली?"

हमालाच्या तोंडून नकळत हुंकार निघाला. छोट्या साहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो दाराबाहेर अर्धा सरकला.

"संचालकसाहेब, तिसऱ्या दालनाचं तुम्ही यांना कधी सांगितलंत?"

"फायली हलवायच्या आधी," संचालक खोकले. "सौजन्य म्हणून. वहिनी मला म्हणाल्या होत्या की 'खिडकी' मालिका त्यांची आहे. मूळ फायली उघडल्या की ते सिद्ध होणार होतं. मला वाटलं, मुलाला आनंद होईल."

"'खिडकी' तिची?" आत्या म्हणाली. तिने वरच्या सहीकडे पाहिलं आणि ती हळूहळू खाली बसली.

"त्याला माहीत नव्हतं," वहिनी पुन्हा म्हणाल्या, आता जरा मोठ्याने. "फोल्डरमध्ये काय आहे ते फक्त यांना आणि मला माहीत होतं. यांनी माझ्यासाठी ते नाव ठेवलं होतं."

यानंतरचं करवतबाईने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पुरावा पुरेसा झाला होता. पण या बाईला पुन्हा एकदा कोणीतरी गोड बोलून गप्प बसवावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. तिने साहेबांचा विनोद जसाच्या तसा सांगितला, दोन्ही अर्थांसकट आणि 'राहू दे' सकट. हसायचं कोण, तेही सांगितलं.

वहिनींचा हात मुलाच्या डोक्यावर होता, तो त्यांनी उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"तू हसायचास?"

"आई, लहान होतो मी."

"किती लहान? तुझं लग्न झालं होतं."

छोटे साहेब उठले. जमिनीवरून उठायला त्यांना वेळ लागला, पण उठल्यावर त्यांचं रडणं संपलं होतं आणि आवाज घट्ट झाला होता. "बरं, केलं मी. मग? बाबांचं नाव जगभर आहे. माझं पोट त्या नावावर आहे, स्टुडिओ त्या नावावर आहे. आणि तुला या वयात पाटी हवी. वीस वर्षं गप्प बसलीस ना? अजून थोडी बसली असतीस तर काय बिघडत होतं? नाहीतरी लवकरच तुला त्या भिंतीवरचं काही दिसणार नाही."

सावली छपाईच्या खोलीच्या दारात येऊन उभा होता. त्याने मान फिरवली.

"फोटो अजून पूर्ण गेलेले नाहीत," करवतबाई वहिनींना म्हणाली. "खातं बंद केल्यावर कंपनी सगळं काही दिवस बाजूला ठेवते, मग कायमचं पुसते. मी सकाळीच त्यांच्याशी बोलले. पण बंद करताना 'सगळं कायमचं पुसायचं आहे' यावर होकार दिला गेलाय, त्यामुळे चूक झाली म्हणून ते परत देणार नाहीत. कोणीतरी मुद्दाम नष्ट केलं अशी पोलिसांत तक्रार हवी. तक्रार झाली की ते पुसणं थांबवतील आणि फायली परत मिळतील. तक्रार तुम्हालाच करावी लागेल, आणि करणाऱ्याचं नाव घालून. आजच, कारण उद्यापासून पुसायला लागतील."

"आणि मग याचं काय होईल?"

"अटक. नंतर खटला. चोरीचे फोटो वडिलांच्या नावाने विकत आलात का, हेही विचारतील. नाव, स्टुडिओ, काहीच राहणार नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

"वहिनी, विचार करा," संचालक म्हणाले. "घरातली गोष्ट आहे."

छोटे साहेब हसले. पहिल्यांदाच ते निवांत दिसत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "काढा ना कागद, बाई. द्या तिच्या हातात. आई तक्रार करणार नाही. बाबांविरुद्ध कधी शब्द काढला नाही तिने, माझ्याविरुद्ध काढेल? हे मला आधीपासूनच माहीत होतं. नाहीतर एवढं धाडस कशाला केलं असतं मी?"

वहिनींनी चष्मा काढला, भिंगं पुसली, परत घातला, आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोंकडे पाहत राहिल्या. मग मुलाकडे पाहिलं. तितकाच वेळ, तितक्याच बारकाईने. छोट्या साहेबांचा रुमाल मानेवरच थांबला.

"यांनी पण हेच धरलं होतं," वहिनी म्हणाल्या. "की मी काही करणार नाही. आणि यांचं बरोबर निघालं."

"आई?"

"वन्सं, पाणी आणता का जरा," त्या आत्याला म्हणाल्या. आत्या उठली आणि मुकाट्याने आत गेली. घरात आजवर असं कधी झालं नव्हतं.

वहिनी करवतबाईकडे वळल्या. "मला आता बारीक अक्षर लिहिता येत नाही. मी सांगते, तुम्ही लिहाल का?"

"लिहीन."

"आई, थांब. माझं ऐक. आपण घरी बोलू." छोट्या साहेबांनी आईचा दंड धरला. वहिनींनी तो सोडवून घेतला, घाई न करता, एकेक बोट बाजूला करत.

"तक्रारीत नातं लिहावं लागतं का?"

"लागतं," करवतबाई म्हणाली.

"मग लिहा, मुलगा," वहिनी म्हणाल्या. "एकुलता एक. तेही लिहा."

करवतबाईने लिहून घेतलं, आणि पुढचं विचारलं.